खुलासा : पीओवर (पर्चेस ऑर्डर, म्हणजे खरेदीची ऑर्डर) क्यूआर कोड लागत नाही

नमस्कार मंडळी. आपल्या बडोद्यातल्या उद्योजकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : 'क्यूआर कोड नसलेली पर्चेस ऑर्डर बाद, ईमेलवरची पीओ चालणार नाही.' हे खरं नाही.

क्यूआर कोड आणि आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) लागतो तो जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसला, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेल्या बिलाला. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना तो बंधनकारक आहे. ई-इन्व्हॉइसच्या फॉर्मॅटमध्ये कागदाचे प्रकार तीनच : बिल, क्रेडिट नोट, डेबिट नोट. पीओ नंबरासाठी फक्त एक ऐच्छिक रकाना आहे, गोंधळ बहुधा तिथूनच झाला असावा. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ स्पष्ट आहे : केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून करार अमान्य ठरत नाही.

मकरपुऱ्यातल्या आमच्या युनिटमध्ये ऑर्डरी मी नोंदवते. आता सॉफ्टवेअरच पीडीएफ वाचून नोंद करतं. परवा धूसर स्कॅनमधला टिंब सुटला आणि १.५ मिमी पत्र्याचा १५ मिमी झाला. नजर ठेवायची ती अशा ठिकाणी.

या मेसेजला घाबरून कुणी माल अडवून ठेवू नका. ज्यांनी तो पुढे पाठवलाय त्यांनी कृपया डिलीट करा आणि त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.