अपग्रेडनंतर बॅकअप रखडवण्याचे खात्रीशीर उपाय

सर्वप्रथम अभिनंदन! तुमच्या मशिनवर नवी विंडोज चढली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून चिपळूणच्या बाजारपेठेत जो तो अपग्रेडच्या मागे आहे. मेडिकलवाले, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवणारे, आम्ही फोटो स्टुडिओवाले, कोणी सुटलं नाही. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय नाही म्हणून ज्यांचं मशिन नापास झालं त्यांनी नवं घेतलं. पास झालेल्यांनी रात्री अपग्रेड लावून ठेवलं आणि सकाळी उदबत्ती फिरवली. आता अडचण एवढीच, की दुपारच्या जेवणापर्यंत आटपणारा बॅकअप दिवेलागण झाली तरी सरकत नाही. घाबरू नका, तो याहूनही रखडवता येतो. पार बंदसुद्धा पाडता येतो, आणि ते काम पैसे घेऊन करून देणारे गावात आहेत. त्यांच्याकडे येऊच.

सुरुवात मुहूर्तापासून करू. अपग्रेड झाल्या झाल्या, त्याच संध्याकाळी पूर्ण बॅकअप लावा. त्या वेळी विंडोज तुमच्या सगळ्या फायलींची शोधसूची नव्याने बनवत असते, अँटिव्हायरस प्रत्येक फाइल नव्याने हुंगत असतो, मागे राहिलेले अपडेट उतरत असतात आणि क्लाउडवाला वनड्राइव्ह तुमचा अख्खा डेस्कटॉप फुकटच्या ५ जीबीत कोंबायच्या खटपटीत असतो. एवढी गर्दी एकाच डिस्कवर जमलेली असताना आपण मागे राहून कसं चालेल? एकदोन दिवस मशिन नुसतं चालू ठेवलं तर ही गडबड आपोआप ओसरते, म्हणून तसं अजिबात करू नका. टास्क मॅनेजर उघडून डिस्क नेमकं कोण खातंय तेही बघू नका. कळलं तर काहीतरी करावं लागेल.

जुनी विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये कित्येक जीबी अडवून बसलेली असते. परत जुन्यावर जावंसं वाटलं तर सोय म्हणून ती ठेवलेली असते आणि साधारण १० दिवसांनी आपसूक जाते. तोवर तिचाही बॅकअप भक्तिभावाने घ्या. घर सोडून गेलेल्या भाडेकरूचे फाटके चपलांचे जोड आपण बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतो, तसंच हे.

आता केबल. डिस्कबरोबर आलेली केबल हरवून टाका. एक्स्टर्नल डिस्कचं तोंड रुंद असलं तरी जुन्या मोबाइलची मायक्रो केबल त्याच्या अर्ध्या भागात झकास बसते आणि डिस्क चालतेही. कोणाला संशय येत नाही. फक्त ती चालते यूएसबी २.० च्या वेगाने. कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट, आणि प्रत्यक्षात हातात पडतात ३०-४० एमबी. म्हणजे १ टीबी फोटो कॉपी व्हायला आठेक तास. निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या, पोर्टला योग्य केबलने तीच डिस्क लावली आणि सेकंदाला १०० एमबी मिळाले, तर तीन तासांच्या आत सुटका. पण मग उरलेला दिवस काय करायचं? शिवाय आठ तासांत लाइट कितीदा जाते, हे कोकणातल्या माणसाला मी काय सांगणार!

यूपीएसची बॅटरी बदलू नका. पीं-पीं करतोय ना, तेवढं पुरे.

स्लीपची वेळ दहा मिनिटांवर ठेवा. तुम्ही रात्री झोपता, मग त्या बिचाऱ्याने का जागायचं?

गणपतीला मुंबईहून भाचा येईल, त्याच्या हाती मशिन द्या. आरती आणि मोदक यांच्या मधल्या वेळात तो आधीच्या अँटिव्हायरसवर दुसरा अँटिव्हायरस आणि त्यावर ‘क्लीनर’ टाकून देईल. आता बॅकअपमधली प्रत्येक फाइल दोघांना दाखवूनच पुढे जाईल. फोटोच्या धंद्यात थंबनेलच्या चिमुकल्या फायली लाखांनी असतात, आणि अशा लाख फायली कॉपी करायला तेवढ्याच आकाराच्या एका मोठ्या फायलीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, हे भाच्याला कोणी सांगितलेलं नसतं. विसर्जनानंतर तो तुतारी एक्स्प्रेसने दादरला. पासवर्ड त्याच्याचकडे.

एवढ्यानेही भागलं नाही तर डिस्कपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घाला. ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला शेजारचा झेरॉक्सवाला आहेच.

आणि शेवटी रामबाण उपाय: जाणकाराला बोलवा.

तो ‘रस्त्यात आहे’ असं दोन दिवस सांगेल. मग येईल. सीपीयूला हात लावायच्या आत ‘रॅम कमी आहे’ म्हणेल. रॅम पुरेशी आहे म्हटलं तर ‘फॉरमॅट मारू या’ म्हणेल. फॉरमॅट या मंडळींचं फार लाडकं. मशिन स्लो, फॉरमॅट. प्रिंटर रुसला, फॉरमॅट. परवा तर की-बोर्डवरून मराठी टाइप होत नाही म्हणून फॉरमॅट सुचवलं एकाने. फॉरमॅट नको म्हणून तुम्ही ठाम राहिलात, तर तो खुर्ची ओढून बसेल, चार ठिकाणी टिचक्या मारेल, चहा घेईल आणि म्हणेल, “झालं काका, आता बघा कसं पळतंय.” आणि खरंच पळेल! सकाळी मशिन उघडलं की सगळं झटक्यात. कुरकुर नाही, हिरवी पट्टी नाही, ‘इतके तास शिल्लक’ नाही. तुम्ही खुशीने पैसे द्याल. माझ्याकडून तर पावतीशिवाय घेतले.

पुढे एका लग्नाचा अल्बम काढायला बॅकअपची डिस्क उघडली, तर शेवटच्या बॅकअपची तारीख हा गृहस्थ यायच्या आदल्या दिवसाची. त्यानंतर एक फाइल गेलेली नाही. फोन केला. म्हणतो, “काका, तो बॅकअपच मशिन जड करत होता ना, म्हणून बंद केला. तुम्हाला स्लो नको होतं ना?”

बॅकअप स्लो आहे म्हणून बोलावलं होतं रे तुला! बॅकअप स्लो आहे, म्हणून तू बॅकअपच काढून टाकलास, आणि वर मला सांगितलंसही नाहीस?

मग मीच डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उतरवून घेतलं. फुकट आहे, दोन मिनिटांचं काम. मशिनच्या आतल्या ज्या डिस्कवर गिऱ्हाइकांचे सगळे फोटो आहेत, तिच्यापुढे पिवळ्या रंगात ‘कॉशन’, म्हणजे सावधान. सेक्टर खराब होत चाललेले. खराब जागा वाचता येत नाही म्हणून डिस्क तिथे पुन्हा पुन्हा घुटमळते, आणि बॅकअप रखडतो. अपग्रेडशी त्याचा काही संबंध नव्हता, तो नुसता त्याच सुमारास झाला. म्हणजे डिस्क मरायला टेकलेली, फोटोंची दुसरी प्रत निघणं बंद, आणि आम्ही मशिन पळतंय म्हणून खूश.

आता उपाय-बिपाय पुरे.

अरे जाणकारांनो, चिपळुणात धंदा करता ना तुम्ही? २२ जुलै २०२१ विसरलात? वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शटर बुडवून वर गेलं, तेव्हा किती दुकानांचे कॉम्प्युटर चिखलातून फावड्याने काढले ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण रिपेअरिंगला ते तुमच्याचकडे आले होते. १८६४ सालचं आपलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर २००५ ला बुडालं आणि २०२१ ला पुन्हा. पूर ओसरल्यावर माझ्याकडे माणसं चिकटून गेलेले अल्बम घेऊन येत होती. पानं सुटत नव्हती. “आमच्या लग्नाचे तुमच्याकडे असतील का हो?” ज्यांचे फोटो मी डोंगरावरच्या घरी नेऊन ठेवलेल्या डिस्कवर होते, त्यांना परत काढून दिले. बाकीच्यांना नाही म्हणताना काय होतं ते तुम्हाला कळणार नाही, कारण तुमच्या फॉरमॅटचा परिणाम भोगायला तुम्ही थांबतच नाही.

आणि गिऱ्हाइकांनो, तुम्हीही ऐका. बॅकअपची डिस्क सीपीयूच्या डोक्यावर ठेवता, म्हणजे पाण्याने दोघांना एकदम न्यावं. ‘बॅकअप पूर्ण झाला नाही’ असा मेसेज येतो, तो वाचायच्या आत फुली मारता. घेतलेल्या बॅकअपमधून एक फाइल तरी परत उघडते का, हे कधी बघता का? नाही ना? मग गेल्यावर रडत माझ्याकडे येऊ नका, माझ्याकडे फक्त फोटो असतात, तुमचे जीएसटीचे कागद नसतात.

आणि तू, पुन्हा कोणाच्या दुकानात गेलास तर आधी केबल बघ. पोर्ट बघ. डिस्कची तब्येत बघ. टास्क मॅनेजर उघडून नीट दहा मिनिटं बसून बघ, चहा तेव्हाही मिळेल. काही बंद करायचं असेल तर मालकाला तोंडाने सांगून कर. बंद करायचं बटण मलाही सापडतं, त्याचे पैसे कसले घेतोस?