सूर्याच्या पायातले बूट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सूर्यमूर्तीच्या पायात बूट आणि अंगावर परका पेहराव का, यावरचा माझा लेख तुम्हाला चांगलाच झोंबलेला दिसतो. तुमचं म्हणणं असं : गायत्री मंत्र ऋग्वेदातला, मग सूर्य इराणातून आला म्हणणं हा खोडसाळपणा, दक्षिणेतला सूर्य अनवाणी असतो हे मी दडवलं, आणि तुमची आजी श्रावणातल्या रविवारी आदित्यराणूबाईचं व्रत करायची, त्यात इराण कुठून घुसला?

दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण तिथं चूक माझी आहे. ‘सूर्याच्या मूर्तीला बूट असतात’ असं मी सरसकट ठोकून दिलं. मोढेरा, कोणार्क इथं ते खरं आहे. दक्षिणी मूर्तींचे पाय उघडे असतात आणि हातातली कमळं खांद्यापर्यंत आलेली असतात. लेखात दुरुस्ती केली आहे. दडवलं वगैरे काही नाही, लिहिताना घाई झाली.

आता पहिला. देव बाहेरून आला असं मी कुठंही लिहिलेलं नाही. गायत्री सवित्याची, म्हणजे सूर्याचीच आहे, सात घोड्यांचा रथही ऋग्वेदातच आहे. माझा प्रश्न पाथरवटाचा होता : छिन्नी हातात घेतल्यावर त्यानं देवाला कपडे कुणाचे घातले? याचं उत्तर कुणा साहेबानं शोधलेलं नाही. सहाव्या शतकातला ज्योतिषी वराहमिहीर आपल्या बृहत्संहिता या ग्रंथात सरळ सांगतो, ‘कुर्यादुदीच्यवेषं गूढं पादादुरो यावत्’. म्हणजे वेष उत्तरेकडच्या लोकांचा आणि पायापासून छातीपर्यंत अंग झाकलेलं. मथुरेच्या संग्रहालयात मध्य आशियातून आलेल्या कुषाणांचा राजा कनिष्क याचा पुतळा आहे. डोकं तुटलंय, पण घोळदार अंगरखा आणि बाहेरच्या बाजूला फाकलेले जाडजूड बूट शाबूत आहेत. मथुरेचाच कुषाणकालीन सूर्य पाहा, शिंपी तोच!

सूर्याची स्थापना ‘मग’ नावाच्या ब्राह्मणांनी करावी, हेही वराहमिहीरच सांगतो. हे ‘मग’ (अभ्यासकांच्या मते मूळचे इराणी पुरोहित) कोण, ते पुराणांत आहे. कृष्णपुत्र सांबाला कुष्ठ झालं, चंद्रभागेच्या (आपल्या पंढरपूरच्या नव्हे, पंजाबातल्या चिनाबच्या) काठी सूर्याची उपासना करून तो बरा झाला. देऊळ बांधलं, पण पूजेला कुणी मिळेना, म्हणून त्यानं शाकद्वीपातून मगांची अठरा कुळं गरुडावर बसवून आणली. बिहारातले शाकद्वीपी ब्राह्मण आजही स्वतःला त्यांचेच वंशज मानतात. त्यांना कुणी परके म्हणत नाही, मग बुटांनीच काय घोडं मारलंय?

मत्स्यपुराण म्हणतं, सूर्याचे पाय घडवू नयेत, घडवणाऱ्याला कुष्ठ होतं. मला वाटतं, बूट आधी आले आणि ही ताकीद मागून. हे माझं मत, पुरावा म्हणून धरू नका.

त्याच वराहमिहिरानं सूर्याच्या कमरेला ‘अव्यंग’ नावाचा पट्टा सांगितला आहे. अवेस्तेत, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, त्याचं नाव ‘ऐव्याओंघन’. पारशी मंडळी कमरेला ‘कुस्ती’ हा पवित्र दोरा बांधतात ना, तीच ही वस्तू.

राहिली राणूबाई. खरं सांगतो, तुमच्या प्रतिक्रियेतलं हेच वाक्य मी तीनदा वाचलं. भविष्यपुराणात सूर्याच्या बायका दोन, राज्ञी आणि निक्षुभा. राज्ञीची गुजरातेत रन्नादे झाली आणि आपल्याकडे राणूबाई, असं अभ्यासक मानतात. मगांची गोष्टही ठळकपणे याच पुराणात येते. म्हणजे ज्या व्रताचा दाखला देऊन तुम्ही मला खोडलंत, त्याच्यातच इराणकडे जाणारा धागा सापडतो. त्या व्रतात सहा सुतांचा, सहा गाठींचा तातू, म्हणजे दोरा असतो. त्याचा कुस्तीशी संबंध जोडायचा मोह मलाही झाला, पण अनंताच्या दोऱ्यालाही चौदा गाठी असतात. तेव्हा तो नाद सोडला.

एक विचारू? कहाणीत रक्तचंदनानं सहा रेघांचं मंडल काढायला सांगितलं आहे. तुमची आजी नुसत्या रेघा काढायची, की आत चेहराही? आठवत असेल तर जरूर लिहा.