साठ अंश म्हणे!

ती उत्तरसूची कुठल्या महाभागानं लिहिली ते मला ठाऊक नाही, पण कृपा करून त्याच्या हातात पुन्हा पेन देऊ नका.

काल रात्रीचीच गोष्ट. ऑनलाइन सराव चाचणी, बहुपर्यायी प्रश्न, चुकलं की गुण कापणार. रेषा दिलीय (एक्स − १)/१ = (२ − वाय)/१ = (झेड + ३)/२. प्लेन, म्हणजे सपाट प्रतल, दिलंय २एक्स + वाय + झेड = ७. दोघांतला कोन काढा. पर्यायांत ३० पण आहे आणि ६० पण आहे, म्हणजे सापळा कुठे मांडलाय ते लांबूनच दिसतंय. रेषेचे डायरेक्शन रेशो, म्हणजे तिची दिशा सांगणारे आकडे, १, −१, २. प्लेनच्या नॉर्मलचे, म्हणजे प्लेनला लंब रेषेचे, २, १, १. डॉट प्रॉडक्ट, म्हणजे जोडीजोडीनं गुणून बेरीज, २ − १ + २, झाले ३. दोन्हीकडे लांबी √६, गुणाकार ६. भागाकार अर्धा. आणि हा अर्धा साइनचा, कारण कोन प्लेनशी विचारलाय, नॉर्मलशी नाही. ३०. क्लिक.

लाल फुली. गुण कापला. ‘योग्य उत्तर : ६०°.’

स्पष्टीकरण उघडलं. साहेबांनी कॉस थीटा बरोबर अर्धा लिहिलंय, खाली ‘म्हणून थीटा = ६०°’ आणि उत्तराभोवती चौकट. चौकट! वर शेवटी ‘हे सहज दिसून येते’. कोणाला दिसून येतं? मला तर सहज एवढंच दिसून आलं की गृहस्थांनी रेषेचा नॉर्मलशी असलेला कोन काढला आणि प्लेनच्या नावावर खपवला. नव्वदातून वजा करायचे राहिले, बाकी सगळं छान.

वही टेबलावर ठेवा. पेन तिच्यावर आडवं ठेवा. पेन आणि पान यांच्यात कोन किती? शून्य. या साहेबांच्या हिशोबानं नव्वद. आता पेन पानावर ताठ उभं धरा. साहेबांच्या हिशोबानं शून्य! म्हणजे पानात टोक रुतवून उभं केलेलं पेन पानाला समांतर. एवढं एकदा करून बघायला काय हरकत होती? पेन तर हातातच होतं ना, चौकट काढायला?

युक्लिडनं इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपास ‘मूलतत्त्वे’च्या अकराव्या भागाच्या सुरुवातीलाच व्याख्या देऊन ठेवलीय : रेषेचा प्रतलाशी कोन म्हणजे त्या रेषेचा तिच्याच प्रतलावरच्या प्रक्षेपाशी, म्हणजे सरळ खाली पडलेल्या सावलीशी, होणारा कोन. तेव्हा ना एक्स-वाय-झेड होते, ना डॉट प्रॉडक्ट. देकार्तनं भूमितीत बीजगणित आणलं ते थेट १६३७ साली. तरी त्या माणसाला कळत होतं.

‘चूक कळवा’ असं एक बटण असतं. दाबलं. सगळी आकडेमोड लिहिली, पेन-वहीसकट. पुढच्याच सेकंदाला उत्तर हजर : ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मौल्यवान आहे.’ मग माझा गुण परत द्या की!

आणि या सगळ्याचं मूळ कुठे आहे तेही सांगते. ‘लाइन-लाइन कॉस, प्लेन-प्लेन कॉस, मिक्स आलं की साइन. पाठ करा.’ ही घोकंपट्टी. का, ते कोणी सांगायचं नाही. दोन प्लेन असली की दोघांच्याही जागी नॉर्मल येतात, दोघंही नव्वदनं वळतात, मधला कोन जिथल्या तिथे. एकालाच वळवलं की हिशोब नव्वदनं सरकणारच. दोन वाक्यं. पण नाही, ‘पाठ करा’. मग परीक्षेत साइन की कॉस यावर नाणं उडवायचं. उत्तरसूची लिहिणाऱ्यानंही तेच केलं असणार.

तो (२ − वाय) पण बघा. सरळ (वाय − २)/(−१) लिहायला कोणाची बंदी होती? चिन्ह उलटवायचं विसरलं की डॉट प्रॉडक्ट ५, उत्तर साइन इन्व्हर्स ५/६. आणि तोही पर्यायांत टपून बसलेला! ही काय भूमिती आहे? ही पाकीटमारी आहे.

मध्ये एका पेपरात प्रश्न होता : रेषा एक्स अक्षाशी ३०° आणि वाय अक्षाशी ४५° करते, झेड अक्षाशी किती? तिन्ही कोनांच्या कॉसच्या वर्गांची बेरीज १ यायला हवी. इथे पहिल्या दोघांतच ३/४ + १/२, म्हणजे सव्वा झाले. तिसऱ्या कोनाचा, गॅमाचा, कॉस वर्ग आला उणे पाव, आणि वर्ग कधी उणे नसतो. अशी रेषाच नाही हो! दोन अक्षांमध्ये नव्वदचं अंतर. एकापासून तीस आणि दुसऱ्यापासून पंचेचाळीस अंशांवर राहायचं तर पंचाहत्तरात भागवावं लागेल. पर्याय मात्र चारही दिमाखात हजर, ‘यांपैकी नाही’ तेवढं गैरहजर. ४५ आणि ४५ द्यायचं होतं, मग तिसरा ९० आला असता आणि रेषा गुपचूप एक्सवाय प्लेनमध्ये जाऊन पडली असती. पण तपासणार कोण?

तर काल हे सगळं मी मोठ्यानं बोलत होते. एका हातात वही, तिच्यावर पेन ताठ उभं, आणि लॅपटॉपच्या स्क्रीनला दाखवतेय, ‘हे बघ, हे शून्य आहे का? शून्य आहे का हे?’ कॅमेरा बंद. समोर कोणी नाही. आतल्या खोलीतून आवाज आला, ‘एवढ्या रात्री कोणाशी भांडतेयस?’ म्हटलं, ‘एका प्रतलाशी.’ थोडा वेळ शांतता. मग, ‘जेवलीस का?’ नव्हते जेवले. सराव चाचणीतला एक गुण, जो कुठेही धरला जात नाही, त्याच्यासाठी माझं रक्त आटतंय. वेडेपणा आहे, मान्य. पण साठ?

तरी अजून स्क्यू लाइन्सचं काढलंच नाही. एकमेकींना छेदत नाहीत, समांतर नाहीत, पण कोन आहे म्हणे. असू दे, एकीला समांतर सरकवून दुसरीला भिडवली की कोन दिसतो, माझी तक्रार त्याबद्दल नाहीच. तक्रार आकृतीबद्दल आहे. सपाट कागदावर दोन रेघा काढतात, त्या डोळ्यांदेखत छेदतात, आणि खाली ओळ : ‘आकृतीवरून स्पष्ट आहे की या रेषा छेदत नाहीत.’ निदान मागून जाणारी रेघ जरा तोडून तरी दाखवा!

जेवून आल्यावर म्हटलं, चला, उरलेली चाचणी संपवू. पुढचा प्रश्न, ओरिजिनपासून २एक्स − वाय + २झेड − ६ = ० या प्लेनचं अंतर. शेंबडं पोर सांगेल, ६ भागिले ३, उत्तर २. पर्यायांत २ नाहीच. उत्तरसूचीत काय आहे, तर −२. अंतर. उणे दोन. आणि भोवती चौकट.