उनपदेवचे पाणी आणि ‘जंतू नाहीत’ हा समज

उनपदेव हे सातपुड्याच्या पायथ्याचे गरम पाण्याच्या झऱ्याचे ठिकाण. ‘उनपदेवचे पाणी मुळातच गरम, त्यामुळे त्यात एकही जंतू जगत नाही, खोल बोअरचे पाणी खडकातून गाळून येते, म्हणून तेही शुद्ध, दोन्ही न उकळता, न तपासता प्यावे,’ असा मजकूर सध्या खान्देशात मोबाईलवरून फिरतो आहे. त्यावर विश्वास ठेवून लहान मुलांनाही हे पाणी पाजले जाते, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

पहिला मुद्दा उष्णतेचा. उनपदेवच्या कुंडाकाठी दगडावर बोट फिरवले, तर हिरवट-तपकिरी बुळबुळीत थर बोटाला लागतो. गरम झऱ्यांतले असे थर बहुधा जिवंत जीवाणूंच्या वसाहतींचे असतात. थॉमस ब्रॉक यांनी अमेरिकेतील यलोस्टोनच्या झऱ्यांतून मिळवलेला आणि 1969 मध्ये नोंदवलेला ‘थर्मस ॲक्वाटिकस’ हा जीवाणू सुमारे 70 अंश सेल्सिअसला उत्तम वाढतो. कोरोनाकाळात आपण नाकात काडी घालून दिलेल्या नमुन्याची आरटीपीसीआर चाचणी ज्या उष्णतेला न डगमगणाऱ्या विकरामुळे (एन्झाइममुळे) शक्य झाली, ते विकर मुळात याच जीवाणूचे. समुद्रतळाच्या उष्ण विवरांतील एक सूक्ष्मजीव तर 122 अंशांनाही वाढतो, हे 2008 मध्ये सिद्ध झाले.

हे उष्णताप्रेमी जीव आपल्याला सहसा आजारी पाडत नाहीत, कारण 37 अंशांचे शरीर त्यांना फार थंड पडते. काळजी आहे ती कुंडात निवणाऱ्या पाण्याची, कारण तिथे शेकडो माणसे अंघोळ करतात आणि अंगावरचे, पोटातले जंतू त्यात मिसळतात.

खोलीचा मुद्दाही टिकत नाही. दक्षिण आफ्रिकेतील एम्पोनेंगच्या सोन्याच्या खाणीत 2.8 किलोमीटर खोल, सूर्यप्रकाश आणि प्राणवायू नसलेल्या पाण्यात एक जीवाणू जवळजवळ एकट्याने नांदताना सापडला; युरेनियमच्या किरणोत्सर्गाने पाणी फुटून निघणाऱ्या हायड्रोजनवर तो जगतो. आपल्याकडे बोअरच्या पाइपात साचणारा गेरूसारखा चिकट गाळ बहुधा लोह-जीवाणूंचा असतो, आणि ‘गंधकाचे औषधी पाणी’ म्हणून ज्याचे कौतुक होते तो सडक्या अंड्याचा वास पुष्कळदा सल्फेटवर जगणाऱ्या जीवाणूंमुळे येतो. शिवाय सातपुड्याच्या पायथ्याचा काळा पाषाण म्हणजे गाळणी नव्हे. पाणी त्याच्या भेगांतून वाहते आणि केसिंग (बोअरच्या वरच्या भागातला संरक्षक पाइप) नीट बसवलेले नसेल, तर शेजारच्या शौचखड्ड्याचे पाणीही त्याच वाटेने बोअरमध्ये उतरते.

उकळल्याने रोगजंतू मरतात, पण खडकातून विरघळलेले फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्यावर त्याचे प्रमाण वाढते. प्रति लिटर 1.5 मिलिग्रॅमच्या वर ते दातांना आणि हाडांना घातक ठरू शकते, म्हणून जंतूंबरोबर फ्लोराइडचीही तपासणी करून घ्यावी.