सॉफ्टनर पाण्यात मीठ कालवत नाही

‘सॉफ्टनर म्हणजे पाण्यात मीठ कालवणारे यंत्र, ते लावूनही टीडीएस मीटरवरचा आकडा उतरत नाही, हाच फसवणुकीचा पुरावा, त्यापेक्षा पाणी उकळा किंवा त्यात तुरटी फिरवा,’ अशा आशयाचा संदेश सध्या सर्वत्र फिरतो आहे. (सॉफ्टनर म्हणजे पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेणारे यंत्र; टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण.) त्यातले निरीक्षण बहुतेक ठिकाणी खरे आहे, निष्कर्ष मात्र चुकले आहेत.

यंत्राच्या टाकीत मीठ भरावे लागते, हे खरे. पण ते वापराच्या पाण्यात मिसळण्यासाठी नसते. पाणी सुफेन, म्हणजे साबणाचा फेस सहज देणारे, करण्याचे काम रेझिनचे (प्लास्टिकसारख्या कृत्रिम पदार्थाचे) मोहरीहूनही बारीक मणी करतात. या मण्यांत सल्फोनेट गटांचे ऋण प्रभार पक्के बसवलेले असतात आणि प्रत्येक प्रभारापाशी एक सोडियम आयन, म्हणजे धन प्रभाराचा सोडियमचा कण, असतो. दुष्फेन, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साबणाचा फेस न देणारे, पाणी मण्यांमधून झिरपू लागले की दुहेरी धन प्रभाराचे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आयन तिथे अधिक घट्ट बसतात व प्रत्येकामागे दोन सोडियम आयन सुटून पाण्यात येतात. कालांतराने मणी भरून जातात. तेव्हा त्यांवरून मिठाचे तीव्र द्रावण सोडून हीच अदलाबदल उलट दिशेने घडवली जाते, बाहेर पडलेले कॅल्शियम आणि मिठातले क्लोराइड सांडपाण्याच्या वाटेने जाते, आणि मणी खळबळून धुतल्यावरच पुरवठा सुरू होतो. पाणी खारट लागत असेल, तर हे धुणे अपुरे झाले आहे का, ते आधी पाहावे.

सोडियम वाढते, हे नाकारण्याचे कारण नाही. कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला 300 मिलिग्रॅम दुष्फेनता असलेले पाणी पूर्ण सुफेन केल्यास त्यात लिटरमागे सुमारे 138 मिलिग्रॅम सोडियमची भर पडते. असे दोन लिटर पाणी प्यायल्यास पोटात जाणारे जादा सोडियम सुमारे पाऊण ग्रॅम मिठाइतके भरते. ज्यांना डॉक्टरांनी सोडियम कमी करण्यास सांगितले आहे, त्यांनी पिण्यासाठी सॉफ्टनरआधीच्या नळाचे पाणी घ्यावे, हे मी आग्रहाने सांगेन.

टीडीएसचा आकडा उतरायला हवा, ही अपेक्षाच चुकीची आहे. वजनाने 40 भाग कॅल्शियमच्या जागी 46 भाग सोडियम येते, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे वजन कमी होण्याऐवजी किंचित वाढते.

उकळण्याने बायकार्बोनेटमुळे आलेली तात्पुरती दुष्फेनता बरीचशी जाते. भांड्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर तोच. सल्फेट आणि क्लोराइड यांमुळे आलेल्या कायमच्या दुष्फेनतेवर मात्र उकळण्याचा परिणाम होत नाही, उलट वाफ गेल्याने हे क्षार अधिक दाट होतात.

तुरटीचा दावा सर्वांत फसवा आहे, कारण पाणी डोळ्यांदेखत नितळ होते. तुरटीतून तयार होणारे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे पुंजके मातीचे कण ओढून तळाशी नेतात; विरघळलेले कॅल्शियम पाण्यातच राहते. इतकेच नव्हे, तर तुरटी पाण्यातले बायकार्बोनेट खर्ची घालते आणि त्याच्या जागी सल्फेट येते, त्यामुळे उकळून निघाली असती अशी दुष्फेनता कायमची होऊन बसते. याउलट, ज्यात स्वतःच कॅल्शियम आहे असा चुना मोजून घातल्यास बायकार्बोनेटचे कॅल्शियम साक्यात उतरते. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस क्लार्क यांनी 1841 मध्ये याच पद्धतीचे पेटंट घेतले.

तपासायचेच असेल, तर मीटर बाजूला ठेवून दोन सारख्या बाटल्यांत सॉफ्टनरच्या आधीचे व नंतरचे पाणी समान घ्यावे, दोन्हींत साध्या साबणाच्या द्रावणाचे सारखेच थेंब टाकून हलवावे. डिटर्जंट किंवा शाम्पू चालणार नाही, कारण ते दुष्फेन पाण्यातही फेसाळतात. यंत्र नीट चालत असेल, तर आधीच्या पाण्याच्या बाटलीत करड्या-पांढऱ्या साक्याचे कण तरंगतील आणि नंतरच्या पाण्याच्या बाटलीत फेस टिकून राहील.