तुम्ही अन्नमंत्री झालात तर

समजा, उद्या सकाळी दिल्लीहून फोन आला आणि देशाचं अन्नखातं तुमच्या गळ्यात पडलं. हसू नका. आमच्या इंदुरात पोह्यांच्या गाडीवर उभ्याउभ्या याहून मोठी खाती रोज वाटली जातात, तेव्हा तयारी असलेली बरी. या खात्यात कामं दोनच. एक, गव्हाचं धोरण ठरवायचं. दोन, ते फुटलं कसं याचं संसदेत उत्तर द्यायचं. पहिल्या कामाला फार वेळ लागत नाही, म्हणून सगळी शक्ती दुसऱ्यासाठी राखून ठेवा.

आधी एक ठरवा, की धोरण गुप्त ठेवायचं ते कुणापासून? शेतकऱ्यापासून ठेवणं सोपं. पत्रकारापासून थोडं अवघड. व्यापाऱ्यापासून ठेवायच्या फंदात मात्र पडू नका.

आमच्याकडे दर वर्षी वैशाखात वर्षाचा गहू भरतात. आई अजून पाकिटातल्या पिठाला पीठ म्हणत नाही. एरंडेल चोळलेला लोकवन, मध्ये मध्ये कडुलिंबाचा पाला, आणि पत्र्याची कोठी. माझं काम छावनी मंडीत जाऊन माल बघायचा. तिथले सेठजी तीस वर्षांच्या ओळखीचे. गिऱ्हाईक आलं की कोपरापर्यंत हात ढिगात घालतात, तळाची मूठ वर काढतात, दोन दाणे दाढेखाली टाकतात आणि चघळता चघळता बोलतात. चघळून चिकट गोळा झाला की पोळी मऊ होणार, असा त्यांचा हिशेब.

२०२२ च्या मे महिन्यात, गुरुवारी, मी असाच गेलो. मूठ निघाली, दाणे दाढेखाली गेले, आणि सेठजी म्हणाले, "आज मत लो, भाऊसाब. दो-चार दिन रुक जाओ. दिल्लीवाले बहोत खुश चल रिये हैं."

माल विकायला बसलेला माणूस घेऊ नका म्हणतो तेव्हा ऐकावं. मी रिकाम्या हाताने परतलो आणि आईची बोलणी खाल्ली.

आता दिल्लीवाले खुश का होते ते बघा. त्या एप्रिलमध्येच आपण जगाला जेवू घालायला तयार आहोत असं जाहीर झालं होतं. फेब्रुवारीपासून युक्रेनमध्ये लढाई, तिकडचा गहू अडकलेला, आणि आदल्या वर्षी आपण सत्तर लाख टनांवर गहू बाहेर पाठवलेला. त्याच गुरुवारी, १२ मे रोजी, वाणिज्य मंत्रालयाने सांगितलं की निर्यात वाढवायला नऊ देशांत शिष्टमंडळं जाणार आहेत. मोरोक्को, ट्युनिशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स वगैरे. लक्ष्य एक कोटी टन. आणि दुसऱ्या दिवशी, १३ मे रोजी, निर्यातबंदीची अधिसूचना निघाली. ती काढणारं परकीय व्यापार महासंचालनालय त्याच वाणिज्य मंत्रालयाच्या हाताखालचं.

मंत्रिमहोदय, याला म्हणतात गुप्तता. बातमी बाहेर जाऊ नये म्हणून ती आपल्याच मंत्रालयाला कळू द्यायची नाही. शिष्टमंडळातल्या कुणी सूटकेस भरायला घेतली होती का, कुणास ठाऊक.

सेठजींना मात्र कुठलाही कागद लागला नाही. मार्चमध्ये उन्हाने दाणा बारीक पडला होता, ते त्यांनी दाढेने पाहिलं होतं. बाजारभाव क्विंटलला २०१५ रुपयांच्या हमीभावाच्या वर गेल्यामुळे सरकारी केंद्रावर फारसं कुणी फिरकत नव्हतं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. सरकारला ४४४ लाख टन खरेदी करायची होती, हाती आले १८८ लाख. कोठार निम्मं रिकामं असताना घरधनी पंगत मांडतो म्हणाला, की शहाण्याने ओळखावं. बंदीची बातमी वाचून आई म्हणाली, "पेपरात आलं ना? आता सगळे धावतील. तू आजच जा." त्या दिवशी जमलं नाही. मंगळवारी गेलो तर मंडी बंद, बंदीच्या निषेधार्थ. तराजू झाकलेले, माल तोलणारे तुलावटी सावलीत पत्ते खेळत बसलेले.

ज्या शेतकऱ्याने भाव चढतोय म्हणून माल घरात धरून ठेवला होता, त्याचं धोरण मात्र कुणी फोडलं नाही. तो कडेकोट सुरक्षित राहिला.

समजा, इतकं करूनही काही फुटलंच. तरी घाबरू नका. एकच पथ्य पाळा: गव्हावर बोलू नका, फुटण्यावर बोला. संसदेला गव्हापेक्षा फुटण्याची गोडी जास्त. १९५० साली राष्ट्रपती भवनातल्या छापखान्यातून अर्थसंकल्प फुटला, तेव्हा छपाई उचलून मिंटो रोडला नेली, १९८० पासून नॉर्थ ब्लॉकच्या तळघरात. कर्मचाऱ्यांना आत कोंडायचं आणि कोंडण्याआधी हलवा खाऊ घालायचा अशी रीत पडली. गव्हाच्या धोरणासाठी ही रीत उचलायचा मोह होईल. उचलू नका. एवढ्या मोठ्या कढईला रवा लागतो, रवा गव्हाचा होतो, आणि रव्याची मोठी ऑर्डर गेली की छावनीत कळलंच.

अहवाल असेल तर प्रत एकच ठेवा. बाबरी मशीद पाडल्याची चौकशी करणाऱ्या लिबरहान आयोगाने सतरा वर्षं आणि अठ्ठेचाळीस मुदतवाढी घेऊन जून २००९ मध्ये सरकारला अहवाल दिला. २३ नोव्हेंबरला तो वर्तमानपत्रात आला. सभागृह पेटलं. गृहमंत्र्यांनी सांगितलं, प्रत एकच आहे आणि ती सुरक्षित आहे. दुसऱ्या दिवशी अहवाल पटलावर! पाच महिने कुलपात पडलेला कागद एका बातमीने एका रात्रीत चालत सभागृहात आला. तेव्हा तुमचाही एखादा अहवाल अडला असेल, तर... असो. मी काही सुचवलेलं नाही.

संपादकाला बोलावून झापता येतं का? येतं. १९६१ साली 'ब्लिट्झ' साप्ताहिकाच्या करंजियांना लोकसभेपुढे उभं करून समज दिली होती. पण हल्ली तो मार्ग खर्चिक. राज्यघटनेच्या ३६१-अ कलमाने सभागृहातल्या कामकाजाची खरी बातमी छापायला संरक्षण आहे. १९२३ चा गोपनीयतेचा कायदा हाताशी आहे म्हणा, पण हेरांसाठीचा कायदा पोळीसाठी काढलात तर लोक हसतील.

तुमच्यासाठी खास शब्द आहे तो 'औचित्यभंग'. तो पाठ करा. अधिवेशन चालू असताना मंत्र्याने धोरण आधी पत्रकारांना सांगितलं की विरोधक हक्कभंगाची नोटीस देतात. अध्यक्ष जुने निर्णय चाळून सांगतात की हा हक्कभंग नव्हे, फार तर औचित्यभंग. हक्कभंगाला समिती असते, शिक्षा असते. औचित्यभंगाला काही नसतं. तो डासासारखा चावतो आणि उडून जातो. सगळ्यात उत्तम म्हणजे अधिवेशनच नसताना निर्णय घ्यावा. २०२२ चं अर्थसंकल्पी अधिवेशन ७ एप्रिलला एक दिवस आधीच गुंडाळलं होतं, पुढचं १८ जुलैला. मधल्या काळात गहू येतो, जातो, बंद होतो, कुणाचाही भंग होत नाही.

आणि १८ जुलैला काय झालं? त्याच दिवसापासून पंचवीस किलोपर्यंतच्या छापील पाकिटातल्या पिठावर पाच टक्के जीएसटी लागू झाला. सभागृहात फलक, घोषणा, पुढच्या आठवड्यात खासदारांची निलंबनं. त्याच सुमारास असंसदीय शब्दांची नवी यादीही निघाली होती, त्यात 'जुमलाजीवी'. पीठ हा शब्द अजून संसदीय आहे, वापरायला हरकत नाही. आई त्या दिवशी चक्कीवरून दळण घेऊन आली आणि डबा ओट्यावर आपटून म्हणाली, "पाकीट नाही, छाप नाही. घ्या कर!"

विरोधी बाकावर बसण्याची वेळ आली तरी सल्ला हाच. हमीभाव विचारू नका, बातमी कुणी दिली ते विचारा. उत्तर येईल: '(अ) ते (ड) प्रश्न उद्भवत नाही.' दोन्ही बाजू समाधानाने कॅन्टीनला जातात.

पुढे सरकारनेही हिशेब चुकता केला म्हणायचा. जून २०२३ मध्ये साठ्यावर मर्यादा आली. घाऊक व्यापाऱ्याला ३००० टन, मग वर्ष संपायच्या आत २००० आणि १०००. दर शुक्रवारी पोर्टलवर साठा सांगायचा. आता सेठजींचा नातू शुक्रवारी मोबाईलवर आकडे भरतो आणि सेठजी बाजूला बसून म्हणतात, "हमारा सब लीक है, भाऊसाब."

आमच्या कोठीच्या झाकणाला आतून आई पेन्सिलीने दर वर्षीची तारीख आणि भाव लिहिते. २०२२ च्या ओळीपुढे तिने कंसात 'थांबलो' लिहिलंय. यंदाची ओळ कोरी आहे. परवा छावनीत गेलो होतो. सेठजींनी मूठ काढली, दाणे चघळले, टीव्हीकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत. टीव्हीवर दिल्लीवाले हसत होते.