एका पडेल पिक्चरची वकिली

वेस्टर्न, म्हणजे काउबॉय आणि बंदुकांच्या पिक्चरचे चार शौकीन जमले की पहिला चहा येईपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. दिग्दर्शक सर्जिओ लिओने थोर, संगीतकार एन्निओ मोरिकोने त्याहून थोर, आणि नट क्लिंट ईस्टवूड कमी बोलतो ते फार बरं करतो. मग कुणीतरी विचारतो, 'लोकांनी उगाच दुर्लक्षिलेला वेस्टर्न कोणता?' इथून आमचे हाल सुरू होतात, कारण आमचं उत्तर ठरलेलं आहे: दिग्दर्शक सॅम रेमीचा 'द क्विक अँड द डेड', १९९५. त्यावर उमटणारे चेहरेही ठरलेले आहेत. एक जण हसतो. दुसरा 'तो शॅरन स्टोनचा?' असं विचारतो, आणि त्या प्रश्नचिन्हात निकाल लागलेला असतो. तिसरा काही न बोलता खिशातून मोबाइल काढून कमाईचे आकडे शोधायला लागतो.

आकडे वाईटच आहेत, ते आधीच कबूल करून टाकावेत. खर्च सुमारे साडेतीन कोटी डॉलर, अमेरिकेतली कमाई १ कोटी ८६ लाख. पण तो काळही बघा ना. १९९२ मध्ये 'अनफरगिव्हन' आला, ऑस्कर घेऊन गेला, आणि हॉलिवूडमधल्या प्रत्येक निर्मात्याला अचानक घोड्यांची आठवण झाली. 'टूमस्टोन', 'मॅव्हरिक', 'बॅड गर्ल्स', 'वायट अर्प' असे एकामागून एक येऊन गेले. फेब्रुवारी १९९५ मध्ये आमचा अशील थिएटरात पोचला तेव्हा प्रेक्षकांच्या तोंडातली धूळ अजून गेली नव्हती. त्यातून खलनायक जीन हॅकमन. 'अनफरगिव्हन'मधल्या क्रूर शेरीफसाठी त्याला नुकताच ऑस्कर मिळालेला, आणि इथे तो पुन्हा एका गावाच्या उरावर बसलेला. उरलेल्या कापडाचा झबला शिवलाय असं लोकांना वाटलं, आणि लोक घरीच बसले.

गोष्ट अगदी सुटसुटीत. रिडेम्प्शन नावाचं गाव, त्याचा धनी जॉन हेरॉड, आणि त्याने भरवलेली बंदूकबाजांची बाद फेरीची स्पर्धा. नावं सोळा, बक्षीस १ लाख २३ हजार डॉलर. कुणीही कुणालाही आव्हान द्यावं, ते नाकारता येत नाही. रस्त्यावर समोरासमोर उभं राहायचं आणि गावच्या घड्याळाने ठोका दिला की पिस्तूल काढायचं. एलन नावाची बाई जुना हिशेब चुकता करायला येते (शॅरन स्टोन). हेरॉडचा जुना साथीदार कॉर्ट आता हिंसा सोडून धर्मोपदेशक झालाय, त्याला साखळदंडाने बांधून उभं केलं जातं (रसेल क्रो). आणि 'द किड' म्हणवणारं एक वाचाळ पोरगं बापाला, म्हणजे हेरॉडलाच, हरवायला निघालंय (लिओनार्दो डिकॅप्रिओ). एकशे सात मिनिटांत सगळं आटोपतं. हल्ली तेवढ्या वेळात नायकाचं बालपणही संपत नाही.

पहिला हल्ला बंदूकतज्ज्ञाकडून येतो. प्रत्येक अड्ड्यावर हा एक असतोच. त्याच्याकडे बंदूक नसते, पण तक्रारी पुष्कळ असतात. 'पॉइंट पंचेचाळीसच्या पिस्तुलाच्या गोळीने माणसाच्या आरपार एवढं भोक पडतं का रे? पलीकडचं दिसतं म्हणे!' नाही पडत. ही गोळी म्हणजे साधारण सोळा ग्रॅमचं शिसं, व्यास साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास. माणूस मरेल, पण त्याची खिडकी होणार नाही. 'आणि धूर कुठाय?' हाही मुद्दा बरोबर. त्या काळच्या कोल्ट पिस्तुलाच्या मूळ काडतुसात चाळीस ग्रेन, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास काळी दारू असायची. एक बार उडाला की समोरचा प्रतिस्पर्धी पांढऱ्या ढगात गडप. दोन्ही बाजूंनी बार झाले तर कोण जिंकलं हे वाऱ्याने ठरवायचं. रेमीने अर्थातच हवा स्वच्छ ठेवलीय. धूर दाखवायला तिकीट कोण काढणार?

तज्ज्ञ तेवढ्यावर थांबत नाही. 'आणि असली द्वंद्वं मुळात व्हायचीच नाहीत.' व्हायची, पण फार क्वचित. नोंदलेलं प्रसिद्ध उदाहरण २१ जुलै १८६५ चं, मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डमधलं. वाइल्ड बिल हिकॉक आणि डेव्हिस टट चौकात समोरासमोर आले, तेही सुमारे सत्तर मीटरवरून. एवढ्या अंतरावर चपळाईपेक्षा नेम कामाला येतो, आणि हिकॉकचा आला. बाकी बहुतेक माणसं दारूच्या अड्ड्यात, अंधारात किंवा पाठीत गोळी लागून गेली. त्याची स्पर्धा भरवता येत नाही.

या तज्ज्ञाला गप्प करायचा एकच उपाय आहे, त्याच्याच घरात शिरायचं. कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी हे १८७३ चं मॉडेल. फिरत्या सिलिंडरला गोळ्यांची घरं सहा. पण जुनी जाणकार मंडळी पाचच गोळ्या भरत, कारण घोडा, म्हणजे गोळीवर आपटणारा पिस्तुलाचा हातोडा, भरलेल्या घरावर टेकलेला असेल आणि पिस्तूल खाली पडलं, तर गोळी आपल्याच पायात. भरण्याची रीत अशी: घोडा अर्धा ओढायचा, उजवीकडची झडप उघडायची, एक गोळी घालायची, पुढचं घर सोडायचं, मग ओळीने चार भरायच्या. झडप लावून घोडा पूर्ण ओढायचा आणि बोटाने सांभाळत हळूच खाली आणायचा. तो बरोबर रिकाम्या घरावर बसतो.

आता कॉर्टचा विचार करा. हेरॉड त्याला गावातलं सर्वात स्वस्त, पाच डॉलरचं पिस्तूल घेऊन देतो आणि लढतीच्या वेळी एकच गोळी देतो, नाहीतर तो गावाबाहेर वाट काढेल. एक गोळी, सहा घरं. झडपेतून घातलेली गोळी नुकतीच घोड्याखालून पुढे गेलेल्या घरात बसते. तशीच ठेवून घोडा ओढला तर ती आणखी लांब जाते आणि चाप दाबल्यावर नुसतं 'खट'. म्हणून गोळी घातल्यावर सिलिंडर चार घरं फिरवायचं आणि मग घोडा पूर्ण ओढायचा, तेव्हा ती नळीसमोर येते. समोर मारेकरी, वर घड्याळ, आणि मनात बालवाडीतली उजळणी. एवढं ऐकल्यावर बंदूकतज्ज्ञ दुसरा चहा मागवतो. पैसे मात्र देत नाही.

घड्याळाचा नियमही दिसतो तितका भाबडा नाही. नील्स बोर, तोच अणूवाला, वेस्टर्नचा वेडा होता. पिक्चरमध्ये आधी हात घालणारा खलनायकच का मरतो, असा त्याला प्रश्न पडला. त्याचं म्हणणं, ठरवून केलेली हालचाल सावकाश होते आणि प्रतिक्षिप्त हालचाल झटक्यात. त्याने खेळण्यातली पिस्तुलं आणून सहकाऱ्यांशी लढती लावल्या आणि जिंकल्या, असं भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमॉवने लिहून ठेवलंय. पुढे २०१० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी हे रीतसर मोजलं. प्रतिक्रियेची हालचाल खरंच जलद निघाली, सुमारे २१ मिलिसेकंदांनी. पण समोरचा हलला हे कळून आपला हात हलायला सुमारे २०० मिलिसेकंद जातात, म्हणजे बोरच्या सिद्धान्ताने निघालेला माणूस मरताना फक्त जास्त चपळ असतो. हेरॉडच्या नियमात ही भानगडच नाही, कारण ठोका दोघांना एकाच वेळी ऐकू येतो. माणूस हलकट, पण स्पर्धेचा आयोजक म्हणून निष्पक्ष. निदान पहिल्या फेरीपुरता. पुढे तो मधेच नियम बदलतो आणि लढती मरेपर्यंत करतो. स्पर्धा भरवणाऱ्यांना हा मोह कुठल्या देशात आवरलाय?

दुसरा हल्ला लिओनेभक्ताचा. याच्याशी बोलताना आवाज खाली ठेवावा लागतो, देवळात असल्यासारखा. 'सगळं चोरलंय,' तो म्हणतो. एलनच्या लहानपणीचा प्रसंग, बापाच्या गळ्यात फास आणि पोरीच्या हातात पिस्तूल, हा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मधल्या तोंडात माउथ ऑर्गन कोंबलेल्या मुलाचा सख्खा भाऊ आहे, हे आंधळ्यालाही दिसेल. घड्याळ 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'च्या खिशातून काढलंय. सगळं मान्य. पण हाच भक्त 'शोले'त ठाकूरच्या कुटुंबाचं हत्याकांड बघताना त्याच लिओनेच्या पिक्चरची आठवण निघाली की त्याला 'प्रेरणा' म्हणतो. रमेश सिप्पीला प्रेरणा आणि सॅम रेमीला चोरी, हा कुठला न्याय? रेमीने तर ऋण उघड मानलंय. लिओनेच्या त्या पिक्चरच्या सुरुवातीला स्टेशनवर हॅटमध्ये पाण्याचे थेंब झेलत बसलेला वुडी स्ट्रोड इथे छोट्या भूमिकेत आहे. ही त्याची शेवटची भूमिका. पिक्चर त्यालाच अर्पण केलाय.

तिसऱ्या गटाशी भांडायची गरज नसते, तो मदत समजून नुकसान करतो. 'अरे, यात डिकॅप्रिओ आहे!' म्हणून पिक्चर चांगला. डिकॅप्रिओ स्टुडिओला नको होता, निर्मातीही असलेल्या शॅरन स्टोनने त्याचं मानधन पदरचं दिलं. क्रोसाठीही तिनेच हट्ट धरला. दोघं पुढे कुठे पोचले ते सर्वांना माहीत आहे, आणि बाईंना त्याबद्दल किती आभार मिळाले तेही. शिवाय किडशी लढणारा तो धिप्पाड स्वीडिश बंदूकबाज झालेला नट, स्वेन ओले थॉर्सन, पाच वर्षांनी 'ग्लॅडिएटर'च्या आखाड्यात क्रोच्या समोर उभा राहतो. माहितीचे असे तुकडे चघळायला छान, पण यांच्यामुळे पिक्चर चांगला ठरत नाही.

चांगला तो दुसऱ्याच कारणाने आहे, आणि ते सांगायची वेळ येईपर्यंत सामोसे आलेले असतात. बाद फेरीचं गणित करा: आठ, चार, दोन, एक. सोळा जणांच्या पंधरा लढती. काही झटपट उरकल्या तरी दिग्दर्शकापुढे पेच तोच, दोन माणसं एकाच रस्त्यावर उभी, वर तेच घड्याळ, शेवटी एक आडवा. एरवीच्या वेस्टर्नमध्ये असं द्वंद्व शेवटी एकदाच येतं, म्हणून ते वाट बघायला लावतं. इथे जेवणात प्रत्येक घासाला श्रीखंड आहे. तिसऱ्या लढतीला प्रेक्षक घड्याळ बघायला लागणार, स्वतःचं.

रेमीने काय केलं, तर प्रत्येक लढतीत प्रश्न बदलला. एस हॅन्लन या फुशारक्या मारणाऱ्या बंदूकबाजाशी लढताना हेरॉड जिंकणार हे उघड आहे, म्हणून तिथे प्रश्न असा की थापाड्याची थाप किती हळूहळू उघडी पडते. हेरॉड आधी त्याचा हात निकामी करतो आणि मग सावकाश बोलत बसतो. हॅन्लन झालेल्या लान्स हेन्रिक्सनच्या चेहऱ्यावरून ऐट उतरताना बघण्यासारखी आहे. कॉर्टसमोरचा स्पॉटेड हॉर्स 'मला गोळी मारू शकत नाही' म्हणतो, पडतो आणि पुन्हा उठतो. कॉर्टच्या पिस्तुलात दुसरी गोळी नाही. त्या उजळणीचा इथे खरा घाम फुटतो. एलनची एक लढत रात्री, पावसात. हेरॉड आणि किडच्या लढतीत बाप जिंकला तर वाईट आणि मुलगा जिंकला तरी वाईट.

आणि कॅमेरा. 'एव्हिल डेड' हा भयपट करणारा रेमी गप्प कसा बसेल? कॅमेरा पुढे ढकलायचा आणि त्याच वेळी झूम मागे घ्यायचा. माणूस तेवढाच राहतो, पाठीमागचा रस्ता मात्र ताणला जातो. हिचकॉकने १९५८ मध्ये 'व्हर्टिगो'त हे उंचीच्या भीतीसाठी केलं, रेमी ते ठोक्याआधीच्या भीतीसाठी करतो. दोन्ही हालचालींचा वेग जरा चुकला तर चेहरा फुगल्यासारखा दिसतो आणि सगळी मेहनत हास्यास्पद ठरते. सोबत तिरक्या चौकटी, डोळ्यांवर आदळणारे झूम. दान्ते स्पिनोत्तीची छायाचित्रण-शैली अशी की ॲरिझोनातलं ऊन घशाला कोरड पाडतं. आणि त्या अशक्य भोकाचा फायदा शेवटी कळतो: गोळी लागल्यावर हेरॉड खाली बघतो, तर जमिनीवरच्या त्याच्याच सावलीच्या मधोमध उन्हाचा एक ठिपका. स्वतःचा मृत्यू त्याला सावलीत वाचायला मिळतो. बंदूकतज्ज्ञाने एवढ्यासाठी मिलिमीटर माफ करावेत.

सगळंच छान आहे असं म्हणण्याइतके आम्ही भक्त नाही. एलनची भूमिका ईस्टवूडच्या मापाने शिवलीय, सिगार आणि तुटक वाक्यांसकट. शॅरन स्टोन दचकते, रडते, घाबरते तिथे ती फार बरी वाटते, आणि पटकथा तिला पुन्हा दगडी चेहरा करायला लावते. कॉर्टशी तिची जवळीक इतकी पुसट की ती कापली असती तरी कुणाला कळलं नसतं. ॲलन सिल्व्हेस्ट्रीचं संगीत मोरिकोनेच्या पाऊलखुणांवर इतकं अचूक चालतं की स्वतःचं पाऊल उमटत नाही. आणि लढती बघायला जमलेलं गाव फक्त तोंड आवळून उभं राहतं. सोळा अनोळखी मारेकरी गावात उतरलेत तर निदान एखाद्याने खोलीचं भाडं तरी वाढवायला हवं होतं.

एवढं झाल्यावर बैठक मूळ विषय सोडते आणि नियमावलीवर घसरते. अंतिम लढत हेरॉड विरुद्ध कॉर्ट. एलन आधीच्या फेरीत कॉर्टच्या गोळीने 'मेलेली', म्हणजे कागदोपत्री बाद. मग ती सुरुंग उडवून, घड्याळाचा मनोरा पाडून परत येते आणि हेरॉडला मारते. तर बक्षीस कुणाचं? बंदूकतज्ज्ञ म्हणतो, एलनचं, शेवटी उभी तीच. लिओनेभक्त म्हणतो, बाद झालेल्या स्पर्धकाने मैदानात शिरणं हाच नियमभंग, लढत रद्द. आमचं मत, कॉर्टला पुढे चाल मिळाली, प्रतिस्पर्धी खेळायला शिल्लक नाही. डिकॅप्रिओवाला विचारतो, आयोजकच मेला तर धनादेशावर सही कुणाची? यावर अजून एकमत नाही, आणि सामोशांचे पैसे कुणी द्यायचे यावरही.